दिवा लुकलुकतोय, म्हणजे आत नेमकं काय चाललंय?

आमच्या सोसायटीत जुने वीजमीटर काढून नवे स्मार्ट मीटर बसवले, त्या संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो दिव्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मीटरच्या खोलीत जाऊन व्हिडिओ काढून आल्या होत्या. "हा लाल दिवा सारखा लुकलुकतोय. घरात फक्त दोन पंखे चालू आहेत. मीटर पळतोय का?" खाली दहा मिनिटांत तीस उत्तरं. कोणी म्हणालं, हा सिग्नल पाठवतोय. कोणी म्हणालं, लाल आहे म्हणजे बिघाडच.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवतो. वरची टाकी रिकामी झाली की पंप चालू करणारी आणि भरली की बंद करणारी पेटी. त्या पेटीतही असाच एक दिवा असतो, आणि माझा निम्मा दिवस त्याच्याकडे बघण्यात जातो. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर दिलं, पण एवढ्याने कोणाचं समाधान होईना. म्हणून हे सविस्तर.

मीटरवरचा दिवा काय मोजतो?

मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट (१००० वॉट तासभर) वीज खर्च झाली. ७५ वॉटचा पंखा एकटाच चालू असेल तर तासाला २४० ब्लिंक होतील, दर पंधरा सेकंदांनी एक. २००० वॉटचा गीझर लावला की तोच दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा चमकेल. वहिनींच्या व्हिडिओत मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला आठ. दोन पंख्यांचा हिशेब तेवढाच येतो. मीटर पळत नव्हता.

हे कोणालाही घरी करून बघता येईल. घरातलं सगळं बंद करा, १००० वॉटची इस्त्री लावा आणि कोणाला तरी मीटरपाशी उभं करा. मीटर ३२०० चा असेल तर मिनिटाला साधारण ५३ ब्लिंक दिसायला हवेत. इस्त्री तापली की आतून आपोआप बंद होते, त्यामुळे पहिल्या मिनिटातच मोजून घ्या. आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात गणित बदला.

मीटर तपासणारी यंत्रंसुद्धा याच दिव्याचा उपयोग करतात. दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा सेन्सर धरायचा आणि ब्लिंक मोजायचे. सील तोडावं लागत नाही, वायरला हात लावावा लागत नाही. पेटी बंदच राहते आणि आतला हिशेब बाहेर येतो.

पडदा नसलेला संगणक

मीटर असो, वॉशिंग मशीन असो की माझा पंप कंट्रोलर, आत मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. हा नखाएवढा संपूर्ण संगणकच. विचार करणारा भाग, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या वायरी जोडायचे पाय, सगळं एकाच तुकड्यात. शिकणाऱ्या मुलांच्या हातात असतो तो आर्डुइनो उनो बोर्ड घ्या. त्यावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आणि कामापुरती आठवण फक्त २ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. तरी पंप सांभाळायला ती पुरून उरते.

तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही. प्रोग्रॅम एकदा आत घातला की तो एकच चक्र फिरवत राहतो. टाकीत पाणी किती ते विचार, पंप हवा का ते ठरव, रिलेला (चिपच्या सांगण्यावरून चालणाऱ्या स्विचला) सांग, परत सुरुवातीला जा. हे चक्र मध्येच अडकलं तर बाहेरून काही कळत नाही. संगणक अडकला की पडदा गोठलेला दिसतो, मोबाइल अडकला की बोट फिरवून कळतं. प्लॅस्टिकच्या डब्याचं काय कळणार?

म्हणून एका पायाला दिवा जोडायचा. एक लाल एलईडी आणि एक रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा छोटा भाग. चिपच्या पायावर ५ व्होल्ट येतात, लाल एलईडी त्यातले साधारण २ खाते, उरलेले ३ व्होल्ट ३३० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात आणि सुमारे ९ मिलिअँपिअर वाहतात. दिसायला भरपूर, चिपला झेपणारे. सगळा खर्च दोन-चार रुपयांत.

नुसता लागलेला दिवा काही सांगत का नाही?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

प्रोग्रॅम अडकतो तेव्हा चिपचे पाय ज्या स्थितीत असतात त्याच स्थितीत राहतात. दिवा लागलेला असताना अडकला तर दिवा लागलेलाच राहील. विझलेला असताना अडकला तर विझलेलाच. त्यामुळे "हिरवा दिवा चालू, म्हणजे सगळं ठीक" हा समज धोक्याचा आहे. तो हिरवा दिवा फक्त वीज आलीय एवढं सांगतो. बंद पडलेला प्रोग्रॅम दिवा लागलेला ठेवू शकतो, विझलेला ठेवू शकतो, पण आळीपाळीने लावू-विझवू शकत नाही. त्यासाठी कोणीतरी आत जागं असावं लागतं.

रात्री गस्त घालणारा वॉचमन रस्त्यावर काठी आपटत जातो. आपण अंथरुणात असतो, उठून बघत नाही, पण ठक् ठक् ऐकू आली की माणूस जागा आहे आणि आत्ता कोपऱ्यावर पोचला आहे हे कळतं. आवाज थांबला की कान टवकारतात. लुकलुकता दिवा म्हणजे ती काठी. मेल-एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यामागे लुकलुकणारा लाल दिवा असतो, तोही याच जातीचा. स्टेशनवरचा माणूस तो बघतो आणि गाडी पूर्ण आली, मागे डबा सुटलेला नाही, अशी खात्री करून घेतो.

पहिला ब्लिंक

२००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो जन्माला आलं. त्यासोबत मिळणारा सगळ्यात प्रसिद्ध प्रोग्रॅम हाच, 'ब्लिंक'. उनो बोर्डावर तेरा क्रमांकाच्या पायाला एक छोटा दिवा आधीच जोडलेला असतो. प्रोग्रॅम त्याला एक सेकंद लावतो, एक सेकंद विझवतो. नवशिक्यांना तो पोरखेळ वाटतो. मी आजही प्रत्येक नवा बोर्ड हातात आला की आधी तोच घालतो.

कारण तो एक ब्लिंक पाच-सहा गोष्टींची साक्ष देतो. वीज पोचली. चिप जिवंत आहे. प्रोग्रॅम आत गेला. सोल्डरिंग ठीक आहे. आणि वेळही बरोबर आहे. ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उनोवरची चिप घड्याळाच्या सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालते. तीच चिप कोरी विकत आणली तर कारखान्यातून सेकंदाला १० लाखांवर लावून येते. सेटिंग बदलायला विसरलात तर एक सेकंदाचा ब्लिंक सोळा सेकंदांचा होतो. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून चूक सापडते, कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

बाहेरून जोडलेला एलईडी अगदी मंद, मिणमिणता दिसत असेल तर दोन शक्यता. एक तर पायाला 'तू बाहेर वीज देणारा पाय आहेस' हे सांगायचं राहिलंय, आणि आतल्या मोठ्या रेझिस्टरमधून थोडीशीच वीज झिरपतेय. किंवा दिवा इतक्या वेगाने लागतो-विझतो आहे की डोळ्याला ते वेगळं दिसत नाही. सेकंदाला साठ-सत्तर वेळांच्या पुढे गेलं की आपल्याला सलग उजेड दिसतो. मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा अशा वेळी कामाला येतो. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात एक चित्र साधारण ४ मिलिसेकंदांचं असतं. डोळ्याला न दिसणारे ब्लिंक त्यात सुटे सुटे दिसतात.

ईएसपी८२६६ या वाय-फायवाल्या चिपच्या बऱ्याच बोर्डांवर दिवा उलटा जोडलेला असतो. पायावर शून्य दिलं की लागतो. कॉलेजची मुलं यात हमखास अर्धा तास घालवतात, म्हणून आधीच सांगितलं.

दिव्याने आकडे सांगायचे

जिवंत असणं कळलं. आता दुखतंय कुठे ते कसं सांगायचं?

मोजून लुकलुकायचं. दोन ब्लिंक, मग मोठा थांबा, परत दोन ब्लिंक: खालच्या टाकीत पाणी नाही. तीन: पंप चालू आहे पण वरच्या टाकीची पातळी वाढत नाही. चार: फ्लोट सेन्सर, म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी सांगणारा भाग, उत्तर देत नाही. घरातल्या इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला की फायबरमधून उजेड येत नाही हे आता आजीलाही माहीत असतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा हिरवा दिवा चारदा लुकलुकला तर सुरुवातीची फाइल सापडली नाही, सातदा लुकलुकला तर मुख्य प्रणालीची फाइल सापडली नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा हे धुराचे नियम लागू झाल्यापासून बहुतेक दुचाकींमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, आणि इंजिनाच्या चित्राचा एक दिवा गाडीच्या स्पीडोमीटरपाशी दिसू लागला. बऱ्याच गाड्यांमध्ये तोही ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो. जुना मेकॅनिक स्कॅनर लावायच्या आधी ते मोजतो.

हे ठरवताना मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका. आकडा पाचाच्या वर नेऊ नका. सहा की सात, यावर माणसं भांडतात. जास्त कोड हवे असतील तर आधी लांब ब्लिंक, मग आखूड. एक लांब, तीन आखूड, म्हणजे तेरा. ब्लिंक पाव सेकंदाचा, त्यानंतर पाव सेकंद अंधार, आणि पूर्ण आकडा सांगून झाल्यावर दोन सेकंदांची शांतता. ती शांतता नसेल तर आकडा कुठे सुरू झाला तेच कळत नाही. आणि फक्त रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही अशी माणसं असतात, आणि दुपारच्या उन्हात तर कोणालाच धड दिसत नाही. ताल सगळ्यांना कळतो.

आपला डोळा आणि चिप यांच्या वेगातली दरीही लक्षात ठेवा. त्या पाव सेकंदाच्या ब्लिंकमध्ये उनोवरच्या चिपचे ४० लाख ठोके पडतात. एखादी गोष्ट क्षणार्धात घडून गेली असेल तर दिवा तेवढ्यापुरता लावून उपयोग नाही. तिची नोंद ठेवून दिवा निदान ५० मिलिसेकंद लावून ठेवावा लागतो.

पंप सुरू झाला की चिप का मरते?

कोलशेतच्या एका सोसायटीतून फोन आला. पंप चालू होतो, लगेच बंद होतो, परत चालू होतो. प्लंबर म्हणाला मोटर गेली. मी वॉचमन काकांना म्हटलं, "काका, पेटीचं झाकण उघडू नका, फक्त बाहेरच्या काचेतून दिवा बघा आणि मला जसं दिसतं तसं सांगा."

काका म्हणाले, "साहेब, आधी मोठा एकदा लागला. मग टप टप टप. मग पंपाचा ठक् आवाज आला. आणि परत मोठा."

मला एवढं पुरलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो एक लांब ब्लिंक फक्त चिप नव्याने सुरू होताना येतो. ठक् म्हणजे कॉन्टॅक्टर, पंपाला वीज देणारा मोठा स्विच. कॉन्टॅक्टर ओढला जाण्याच्या क्षणी बोर्डाची वीज खाली बसत होती आणि चिप नव्याने सुरू होत होती. नव्याने सुरू झाली की पंप बंद, मग टाकी रिकामी बघून पंप चालू, मग परत तेच. मोटर ठणठणीत होती. बोर्डाच्या पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, लावला, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावली, आणि ते थांबलं.

त्यानंतर मी एक सुधारणा केली. ही चिप नव्याने का सुरू झाली त्याचं कारण स्वतःजवळ लिहून ठेवते. वीज नुकतीच आली, कोणी रिसेटचं बटण दाबलं, व्होल्टेज खाली गेलं, की वॉचडॉगने उठवलं, अशी चार कारणं. वॉचडॉग म्हणजे चिपमधलाच एक गजर. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात त्याला 'मी आहे' असं सांगितलं नाही तर तो चिपला रिसेट करतो. ही वेळ १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठेवता येते. आता सुरुवातीच्या लांब ब्लिंकनंतर कारणाचा आकडाही दिवाच सांगतो.

दिवा खोटं बोलतो तेव्हा

मला हा लेख लिहावासा वाटला तो या भागासाठी.

काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत माझा कंट्रोलर बसवलेला होता. जुलैतली पावसाची रात्र. वरची टाकी भरली आणि पंप बंद झाला नाही. पहाटेपर्यंत गच्चीवरून पाणी वाहत राहिलं. त्या भागात पाणी टँकरने येतं, एकेका टँकरचा हिशेब मीटिंगमध्ये मांडला जातो. सकाळी सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, दिवा लुकलुकतोय का? "लुकलुकतोय की. अगदी नेहमीसारखा." मी निर्धास्तपणे म्हणालो, मग कंट्रोलर ठीक आहे, रिले चिकटला असेल.

जाऊन बघितलं तर रिले ठीक होता. टाकीवरच्या सेन्सरच्या वायरीत पाणी गेलं होतं, सेन्सर उत्तर देत नव्हता, आणि माझा प्रोग्रॅम त्याच्या उत्तराची वाट बघत उभा होता. त्या वाट बघण्याला मी मर्यादाच घातली नव्हती. चक्र रात्रभर तिथेच अडकलेलं होतं. दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

हे कसं झालं? चिपमध्ये टायमर असतो. ठरावीक वेळाने तो मुख्य काम क्षणभर थांबवतो, आपलं छोटंसं काम करतो आणि मुख्य काम परत चालू करतो. याला इंटरप्ट म्हणतात. घरी आपण कणीक मळत असलो आणि दाराची बेल वाजली की जाऊन दार उघडतो, परत येऊन मळायला लागतो, तसं. मी दिव्याचं काम त्या टायमरला दिलं होतं, कारण तसं लिहिलं की दिवा घड्याळासारखा नेमका लुकलुकतो आणि मुख्य कोड स्वच्छ दिसतो. पण मुख्य काम अडकलं तरी टायमर येतच राहतो, दिवा बदलून जातो. आत कोणी जागं नसलं तरी बेल वाजते आणि दार उघडतं.

वॉचमनच्या काठीचंच उदाहरण परत घ्या. तो गेटपाशी खुर्चीत बसून दर मिनिटाला काठी आपटत राहिला तर आपल्याला ठक् ठक् ऐकू येईल आणि आपण शांत झोपू. गस्त मात्र होणार नाही. काठीचा आवाज चालण्यातून आला तरच त्याला अर्थ. बाजारात आपोआप लुकलुकणारे एलईडीही मिळतात, नुसती वीज दिली की झालं. मी माझ्या चिपला नकळत तसलाच दिवा लावून ठेवला होता.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. दिवा बदलणारी ओळ मुख्य चक्रात, सगळ्यात शेवटी. तीही बिनशर्त नाही. चक्रात तीन कामं असतात: सेन्सर वाचणं, निर्णय घेणं, रिले चालवून तो खरंच चालला का ते तपासणं. प्रत्येक काम नीट पूर्ण झालं की आपली एक खूण करतं. चक्राच्या शेवटी तिन्ही खुणा आहेत का ते बघायचं. असतील तर दिवा बदलायचा, वॉचडॉगला 'मी आहे' सांगायचं आणि खुणा पुसायच्या. एकही खूण कमी असेल तर दिवा तसाच राहतो, वॉचडॉगला निरोप जात नाही, आणि काही सेकंदांत तो चिपला उठवतो. सुरुवातीलाच पंप बंद ठेवायची सूचना असते, त्यामुळे पाणी वाहत नाही.

बरेच जण वॉचडॉगला निरोप द्यायचं कामही टायमरच्या इंटरप्टला देतात. ही माझीच चूक, जास्त घातक रूपात. दिवा खोटं बोलला तर माणूस फसतो. वॉचडॉग फसला तर शेवटचा राखणदारही गेला.

लिनक्स या संगणकप्रणालीत दिव्यासाठी 'हार्टबीट' नावाची सोय आहे. हृदयासारखे दोन ठोके आणि थांबा, आणि यंत्रावर कामाचा बोजा वाढला की ठोके जलद होतात. ते बघून मीही थोडं तसं केलं. माझं चक्र एरवी सेकंदात बऱ्याच फेऱ्या मारतं आणि मी ठरावीक फेऱ्यांनंतर दिवा बदलतो. एखादं काम नेहमीपेक्षा जास्त वेळ खायला लागलं की ब्लिंक आपोआप सुस्तावतो. वायर कुजायला लागलेल्या एका ठिकाणी हे सुस्तावणं आठवडाभर आधी दिसलं होतं. काका म्हणाले होते, "साहेब, दिवा दमल्यासारखा वाटतोय."

"पण लॅपटॉप जोडून बघा ना, सगळं लिहून येईल"

हा आक्षेप इंजिनीअर मुलं घेतात, आणि तो चुकीचा नाही. टेबलावर काम करताना मीही लॅपटॉपवर अक्षरं छापतो. चिपला मध्येच थांबवून आत डोकावू देणारे डीबगरही असतात, ते उत्तम. गुंतागुंतीची चूक दिव्यावरून शोधत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

पण बसवलेल्या जागी परिस्थिती वेगळी असते. स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, बोर्डाची वीज थेट २३० व्होल्टच्या लाइनवरून कपॅसिटरमधून घेतलेली असते. अशा बोर्डाला लॅपटॉपची वायर जोडली तर लॅपटॉप जळेल, आणि हात लावणाऱ्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. प्रकाशाला वायर लागत नाही, त्याचा शॉक बसत नाही. शिवाय पंपाच्या खोलीत घोटाभर पाणी असताना लॅपटॉप उघडायचा कुठे?

अक्षरं छापायला वेळही लागतो. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे चाळीस अक्षरांच्या ओळीला चाळीस. वेळेशी निगडित चुका अशाने गायब होतात. छापायची ओळ घातली की प्रोग्रॅम सुधारतो, काढली की परत बिघडतो. दिवा लावायला थेट दोन ठोके पुरतात, १२५ नॅनोसेकंद. त्या धक्क्याने सहसा काही बदलत नाही.

प्रोग्रॅम नेमका कुठे अडकतो हेही दिव्यावरून शोधता येतं. मधोमध दिवा लावायची ओळ टाका. लागला, तर चूक पुढच्या अर्ध्या भागात. नाही लागला, तर आधीच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. हजार ओळींचा प्रोग्रॅम असला तरी दहा वेळा असं केलं की तुम्ही त्या ओळीपाशी पोचता.

दिव्यापायी प्रोग्रॅम अडखळत नाही का?

चुकीच्या पद्धतीने लिहिला तर अडखळतो. शिकाऊ ब्लिंक प्रोग्रॅममध्ये 'एक सेकंद थांब' अशी आज्ञा असते, आणि त्या सेकंदात चिप खरोखर काहीच करत नाही. पंपाच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ तशीच उचलून टाकली तर टाकी भरल्याचा निरोप सेकंदभर कोणी ऐकणार नाही. म्हणून थांबायचं नाही. दर फेरीत घड्याळाकडे बघायचं, वेळ झाली असेल तर दिवा बदलायचा, नसेल तर पुढे जायचं. गॅसवर दूध ठेवून आपण बाकीची कामं करत अधूनमधून नजर टाकतो, तसं.

त्यात एक खाच आहे. आर्डुइनोचं हे मिलिसेकंदांचं घड्याळ ४९ दिवस आणि सुमारे १७ तासांनी भरतं आणि परत शून्यावर येतं. 'आत्ताची वेळ वजा मागची वेळ' असं लिहिलं तर काही बिघडत नाही. 'पुढची वेळ अमुक' असं लिहून तुलना केली तर पन्नासाव्या दिवशी प्रोग्रॅम घोळ घालतो. टेबलावर ही चूक कधीच दिसत नाही, कारण टेबलावर कोणी पन्नास दिवस वाट बघत नाही.

बॅटरीवरच्या यंत्रात दिवा परवडतो का?

लागलेला ठेवला तर नाही. ५ मिलिअँपिअरचा दिवा २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत संपवेल. तोच दिवा दर दोन सेकंदांनी फक्त १० मिलिसेकंद चमकवला तर सरासरी खर्च दोनशे पटींनी कमी होतो, आणि एकट्या दिव्याच्या हिशेबाने तीच बॅटरी नऊ वर्षं पुरेल. १० मिलिसेकंदांची चमक डोळ्याला व्यवस्थित दिसते. दिवसा कोणी बघणारच नसेल तर बटण दाबल्यावरच आकडा सांगायला लावा.

दिवा बघून कोणी माहिती चोरेल का?

स्मार्ट मीटरच्या चर्चेत हा प्रश्न आमच्या ग्रुपवरही आला. काही जुन्या मोडेमांमध्ये दिवा थेट माहितीच्या वायरलाच जोडलेला असे, त्यामुळे तो त्या माहितीच्याच तालावर लुकलुके. २००२ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की असा दिवा लांबून दुर्बिणीने टिपला तर माहिती वाचता येते. उपाय सोपा होता, प्रत्येक ब्लिंक ताणून लांब करायचा, म्हणजे बारकावे पुसले जातात. मीटरच्या दिव्यावरून आत्ता घरात किती वीज चालू आहे एवढं मात्र कळतं. मीटरच्या खोलीला कुलूप असावं, हे त्यावर माझं साधं मत.

काचेशेजारचा कागद

कोड कितीही चांगला असला आणि तो फक्त मलाच माहीत असेल तर रात्री दोन वाजता त्याचा कोणाला उपयोग नाही. आता प्रत्येक पेटीच्या काचेशेजारी मी मराठीत आणि हिंदीत छापलेला, लॅमिनेशन केलेला कागद चिकटवतो. किती ब्लिंक, अर्थ काय, काय करायचं. दोन असतील तर खालच्या टाकीत पाणी यायची वाट बघा. तीन असतील तर पंप हाताने बंद करा आणि प्लंबरला बोलवा. चार असतील तर मला फोन करा. दिवा स्थिर असेल, लागलेला किंवा विझलेला, तर मेन स्विच पाडा आणि मग फोन करा.

परवा रात्री कोलशेतच्या काकांचा फोन आला. आवाजामागे पाऊस ऐकू येत होता.

"साहेब, चार. थांबून परत चार. मी तीनदा मोजलं."

मी पिशवीत नवा फ्लोट सेन्सर आणि दोन मीटर वायर टाकली आणि निघालो.